‘फिल’ची कुळकथा

आयफोनच्या पडद्यावर एक बटण डावीकडून उजवीकडे न्यायचं आहे. कोअर ॲनिमेशन या ॲपलच्या यंत्रणेला तसं सांगितलं की बटण झोकात सरकतं आणि वेळ संपताक्षणी टुणकन मूळ जागी परततं. यावर प्रोग्रॅमर मंडळींचा ठरलेला घरगुती उपाय दोन ओळींचा: ‘रिमूव्ह्ड ऑन कम्प्लीशन’ला नकार द्यायचा आणि ‘फिल मोड’ ‘फॉरवर्ड्‌स’ करायचा. पहिल्या ओळीचा अर्थ कळतो. दुसरीतला ‘फिल’ खटकतो. इथे भरायचं आहे तरी काय?

उत्तर ॲपलच्या अंगणाबाहेर सापडतं. जून 1998 मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ‘स्माइल’ नावाच्या भाषेला मान्यता दिली. चित्र, आवाज आणि मजकूर एकाच वेळापत्रकात बांधून वेबवर सादर करण्यासाठी ती होती. पुढे एमएमएस संदेशांची मांडणीही तिच्यातच होऊ लागली. समजा, दहा सेकंदांच्या गटात सहा सेकंदांचं चित्र ठेवलं. उरलेल्या चार सेकंदांचं काय करायचं? ते ठरवणारा गुणधर्म म्हणजे ‘फिल’. ‘रिमूव्ह’ म्हटलं तर चित्र उचललं जातं, ‘फ्रीझ’ म्हटलं तर शेवटच्या स्थितीत गोठतं. भरायची आहे ती वेळेतली पोकळी. जागेशी किंवा रंगाशी तिचा संबंध नाही. एसव्हीजी या चित्रांच्या भाषेत मात्र रंगासाठीही हाच शब्द असल्याने एकाच फाइलीत वर्तुळाचा ‘फिल’ लाल आणि ॲनिमेशनचा ‘फिल’ गोठलेला, अशी मौज होते.

शब्द सारखा दिसला की कूळ एक मानायचं, हे व्युत्पत्तीच्या धंद्यातलं जुनं पाप आहे, हे मान्य. पण इथे एकटा शब्द नाही, अख्खं बिऱ्हाडच सापडतं. स्माइल घराण्यातल्या ‘फ्रॉम’, ‘टू’, ‘बाय’ या किमती, ‘रिपीट काउंट’, ‘ऑटो रिव्हर्स’, ‘स्पीड’, ‘ॲडिटिव्ह’, ‘की टाइम्स’ ही सगळी नावं थोड्याफार फरकाने 2007 च्या कोअर ॲनिमेशनमध्ये भेटतात. त्यातही ‘पेस्ड’ हा माझा हुकमी पुरावा. टप्प्यांमधली अंतरं कमीजास्त असली तरी वेग एकसारखा ठेवण्याच्या पद्धतीचं हे नाव. इतका आडवळणाचा शब्द दोन ठिकाणी आपोआप सुचावा, हे मला पटत नाही.

यावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की कोअर ॲनिमेशनमधला ‘मॉडेल’ (खरी किंमत) आणि ‘प्रेझेंटेशन’ (पडद्यावर दिसणारी किंमत) असा दुहेरी थर आला तो झेरॉक्स पार्कमध्ये 1979 च्या सुमारास मांडल्या गेलेल्या मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर या रचनेतून. ‘मॉडेल’पुरतं मी हे कबूल करतो. पण त्या रचनेत जोडीदार ‘व्ह्यू’ आहे, ‘प्रेझेंटेशन’ नाही. 2001 च्या ‘स्माइल ॲनिमेशन’मध्ये मात्र खाली मूळ किंमत, तिच्यावर ॲनिमेशनचे थर आणि या सगळ्यातून डोळ्यांना दिसणारी ‘प्रेझेंटेशन’ किंमत अशी उतरंड आहे. तिला नाव दिलंय सँडविच! दुसरा आक्षेप व्यवहाराचा: ॲनिमेशन आपोआप काढून टाकण्यामागे मेमरी वाचवण्याचा हिशेब असेल, कुळाचा काय संबंध? हिशेब असेलही. पण ‘फिल’ दिला नाही तर ‘रिमूव्ह’ समजायचा, हा नियम स्माइल ॲनिमेशनमध्ये आधीच लिहिलेला होता. तिथे ॲनिमेशन हा वरचा पाहुणा. तो घरातलं सामान हलवत नाही, त्यामुळे तो उठला की सगळं मूळच्या जागी दिसणारच. बटणाची उडी हा दोष नसून त्या कराराचं तंतोतंत पालन आहे, असं माझं म्हणणं.

म्हणूनच ‘फॉरवर्ड्‌स’ने गोठवण्याचा तो घरगुती उपाय फसवा ठरतो. बटण उजवीकडे दिसत राहतं, पण स्पर्श तपासला जातो तो मॉडेलच्या जागेवर. दिसणाऱ्या बटणावर बोट टेकवा, ते ढिम्म. डावीकडच्या रिकाम्या जागेवर टेकवा, की बटण दाबलं जातं. अँड्रॉइडच्या जुन्या ॲनिमेशनमध्ये ‘फिल आफ्टर’ लावला की हीच भुताटकी होई. 2011 च्या 3.0 आवृत्तीत वस्तूचा खरा गुणधर्मच बदलणारी पद्धत आली, तेव्हा या भुताटकीवर उतारा मिळाला.

आणखी एक घोटाळा याच ‘रिमूव्ह’ने केलाय. कोअर ॲनिमेशनमध्ये तो ॲनिमेशन काढतो, वस्तू नाही. विरून गेलेली सूचनापट्टी दिसेनाशी झाली तरी व्ह्यूंच्या यादीत बसून राहते. तिला बाहेर काढायचं काम 2010 च्या आयओएस 4 पासून मिळालेल्या कम्प्लीशन ब्लॉकमध्ये आपणच करायचं असतं. तिथेही ‘फिनिश्ड’ खरं असेल तरच काढा, अशी अट घालू नका. ॲनिमेशन मध्येच तुटलं तर ते खोटं येतं आणि पट्टी तशीच राहते. बटणाच्या बाबतीत तर काम आणखी सोपं आहे: नवी जागा आधी मॉडेलमध्ये लिहा, मग ॲनिमेशन लावा. ‘फिल’ची ओळ लागतच नाही.