चारशे डोळ्यांचं मशीन आणि जिन्यातला दिवा

आजचा विषय एआय. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका! "ही दहा टूल्स वापरा आणि आयुष्य बदला" छापाचा हा भाग नाही. तसले व्हिडिओ तुमच्या फोनवर रोज येऊन पडतात, त्यात माझी भर नको. आज एका मशीनची गोष्ट सांगतो. मशीन १९५८ सालचं. तुमच्या खिशातल्या चॅटजीपीटीचा किंवा जेमिनीचा खापरपणजोबा म्हणा हवं तर. ही गोष्ट कळली की मॉडेल, ट्रेनिंग, पॅरामीटर हे जे शब्द सारखे कानावर आदळतात, त्यांची भीती जाते.

तर, जुलै १९५८. अमेरिकेतलं वॉशिंग्टन शहर. अमेरिकन नौदलाने पत्रकारांना बोलावलंय, एक प्रयोग दाखवायला. समोर आयबीएम ७०४ हा कॉम्प्युटर, खोलीएवढा आणि वजनाला पाच टन. प्रयोग करणारा माणूस फ्रँक रोझेनब्लॅट. वय तिशीला टेकलेलं, आणि गंमत म्हणजे हा इंजिनिअर नव्हे, मानसशास्त्रज्ञ. बफेलो शहरातल्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत काम करायचा.

प्रयोग बघायला गेलं तर अगदीच साधा. पुठ्ठ्याची कार्डं. काहींवर खूण डावीकडे, काहींवर उजवीकडे. कार्ड आत टाकायचं आणि मशीनने सांगायचं, डावं की उजवं. सुरुवातीला मशीन नुसतं ठोकून देत होतं. पण पन्नासेक वेळा करून झाल्यावर ते डावं-उजवं ओळखायला लागलं.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? बालवाडीतलं पोरगंही सांगेल. बरोबर आहे. पण डावं म्हणजे काय, हे त्या मशीनला कोणी सांगितलंच नव्हतं. तोवर कॉम्प्युटर म्हणजे सांगकाम्या. आधी हे कर, मग ते कर, असं झालं तर तिकडे जा, अशी प्रत्येक पायरी माणसाने लिहून द्यायची. इथे फक्त उदाहरणं दिली, आणि चुकल्यावर 'चुकलं' म्हटलं. बाकीचं त्याचं त्याने जमवलं. या कल्पनेला रोझेनब्लॅटने नाव दिलं होतं पर्सेप्ट्रॉन.

आता हे 'जमवलं' म्हणजे नेमकं काय केलं? इथे जरा कान देऊन ऐका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

समजा, रविवारी राजमाचीला ट्रेकला जायचं की नाही, हे तुम्हाला ठरवायचंय. डोक्यात तीन प्रश्न असतात. ग्रुप येतोय का? खिशात पैसे आहेत का? हवा बरी आहे का? प्रत्येक 'हो'ला तुम्ही मनातल्या मनात मार्क देता. ग्रुपला ६, पैशांना ५, हवेला ३. बेरीज १० झाली की पास, म्हणजे निघायचं. ग्रुप आणि पैसे मिळून ११ होतात, पाऊस गेला खड्ड्यात. ग्रुप आणि हवा मिळून ९च, म्हणजे घरी बसा.

आता तुमचे हे मार्क मला माहीत नाहीत. पण तुम्ही येणार की नाही, हे मला आधीच ओळखायचंय. मी काय करीन? मनाला येतील ते मार्क देऊन सुरुवात करीन. मी म्हटलं 'येणार' आणि तुम्ही आला नाहीत, तर त्या दिवशी ज्या-ज्या गोष्टींना 'हो' होतं त्यांचे मार्क थोडे कमी करीन. मी म्हटलं 'नाही' आणि तुम्ही सॅक घेऊन दारात हजर, तर तेच मार्क थोडे वाढवीन. असे भरपूर रविवार गेले की माझे अंदाज बरोबर यायला लागतील. झालं, हाच पर्सेप्ट्रॉन. ते मार्क म्हणजे 'वेट', आजच्या भाषेत पॅरामीटर. ते वरखाली करत बसणं म्हणजे ट्रेनिंग. आणि सगळे मार्क जागेवर बसल्यावर जे तयार होतं ते मॉडेल.

रोझेनब्लॅटने हे नुसतं कार्डांवर सोडलं नाही. पुढे दोनेक वर्षांत त्याच्या टीमने खरंखुरं यंत्र बांधलं, मार्क वन पर्सेप्ट्रॉन. त्याच्या कॅमेऱ्यात ४०० फोटोसेल होते, २० ओळींत २०. म्हणजे चारशे डोळेच. आज तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात कोट्यवधी पिक्सेल असतात, तिथे हे चारशे. आणि मार्क कुठे साठवायचे? तर पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरसारखे गोल फिरणारे खटके होते, आणि ते फिरवायला छोट्या विजेच्या मोटरी. मशीन चुकलं की मोटरी फिरायच्या आणि खटके थोडे इकडे, थोडे तिकडे सरकायचे. शिकणं म्हणजे अक्षरशः कान पिळणं! मला विचाराल तर एआय समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं चित्र नाही. आजच्या मॉडेलचं शिकणं डोळ्यांना दिसत नाही. याचं दिसायचं.

इथवर सगळं छान होतं. पण त्या १९५८च्या प्रयोगानंतर दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली. नौदलाला म्हणे अशी आशा होती, की हे मशीन पुढे चालेल, बोलेल, बघेल, लिहील, स्वतःसारखी दुसरी मशिनं काढेल आणि आपण आहोत याची त्याला जाणीवही असेल. अहो, डावं-उजवं ओळखलंय आत्ता कुठे! पण अशी बातमी एकदा छापून आली की ती पुसता येत नाही. लोक पुढची दहा वर्षं त्याच मोजपट्टीने तुम्हाला मोजतात.

आणि मोजणारा आला. मार्व्हिन मिन्स्की. हा रोझेनब्लॅटच्याच शाळेतला, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्समधला, वयाने वर्षभर मोठा. एआय हे नाव ज्या डार्टमथच्या १९५६ सालच्या शिबिरामुळे रूढ झालं, त्याच्या आयोजकांपैकी एक. त्याने स्वतः १९५१ साली असंच शिकणारं यंत्र बांधलं होतं, त्यामुळे बाहेरून दगड मारणाऱ्यांतला तो नव्हता. १९६९ साली त्याने आणि सिमोर पॅपर्टने मिळून 'पर्सेप्ट्रॉन्स' नावाचं पुस्तक काढलं. त्यातलं गणित बरंच खोल आहे. पण सगळ्यात गाजलेला मुद्दा जिन्यातल्या दिव्याने कळतो.

तुमच्या घरातला जिना आठवा. खाली एक बटण, वर एक बटण, दिवा एकच. दोन्ही बटणं बंद, दिवा बंद. खालचं एकटं दाबलं, दिवा लागला. वरचं एकटं दाबलं, तरी लागला. आणि दोन्ही दाबली, की पुन्हा बंद. आता हे साध्या, एकाच थराच्या पर्सेप्ट्रॉनला शिकवून दाखवा. खालचं बटण एकटं पुरतं, म्हणजे त्याला १०च्या वर मार्क हवेत. वरचंही एकटं पुरतं, त्यालाही १०च्या वर हवेत. मग दोन्हींची बेरीज १०च्या खाली कशी येणार? येणारच नाही. मोटरी वर्षभर फिरवा, खटके झिजतील, पण जिन्यातला दिवा काही त्याला जमणार नाही.

यावर उपाय होता, आणि तो मिन्स्कीलाही माहीत होता. मध्ये अजून एक थर घालायचा. त्यातला एक जण बघेल, निदान एक तरी बटण दाबलंय का. दुसरा बघेल, दोन्ही दाबलीत का. शेवटचा या दोघांचं ऐकून निर्णय देईल. पहिला हो म्हणाला आणि दुसरा नाही म्हणाला, तर दिवा लावा. सुटलं. थरावर थर असलेल्या अशा जाळ्याला आज आपण न्यूरल नेटवर्क म्हणतो. पण मग चुकलं तर कान कोणाचा पिळायचा? मधल्या थरातल्या नेमक्या कोणाची चूक, हे ठरवण्याची सोयीची रीत तेव्हा या लोकांच्या हाताशी नव्हती.

पुस्तकानंतर या वाटेवरचा पैसा आटला, तरुण संशोधक दुसरीकडे वळले. बरेच जण मिन्स्कीला या गोष्टीतला व्हिलन करतात. मला ते पटत नाही. त्याचं गणित बरोबर होतं. त्या काळचे कॉम्प्युटरही तोकडे होते. आणि जाणीव असलेल्या मशीनचं आश्वासन मिन्स्कीने दिलं नव्हतं. वाईट वाटतं ते रोझेनब्लॅटचं. ११ जुलै १९७१ला बोटीच्या अपघातात तो गेला. त्या दिवशी त्याचा त्रेचाळिसावा वाढदिवस होता. आपली कल्पना पुढे कुठवर गेली, ते त्याला कधीच कळलं नाही.

पुढचं भराभर सांगतो. १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स या तिघांचा एक लेख आला आणि ती कान पिळण्याची रीत सगळ्यांच्या हातात पडली. कल्पना अशी: पंगतीत आमटी खारट निघाली, तर वाढप्यापासून उलटं मागे जायचं, आचाऱ्याकडे, तिथून मीठ काढून देणाऱ्याकडे, आणि ज्याचा जेवढा वाटा तेवढाच त्याचा कान पिळायचा. याला म्हणतात बॅकप्रोपगेशन. मग २०१२ साली टोरंटोच्या तिघांनी, त्यात हेच हिंटन होते, गेम खेळायच्या दोन ग्राफिक्स कार्डांवर मोठं नेटवर्क शिकवून फोटो ओळखायची स्पर्धा मारली. २०१७ साली गुगलमधल्या आठ जणांनी 'ट्रान्सफॉर्मर' नावाची रचना मांडली. चॅटजीपीटीतला 'टी' तो हाच. त्या आठांत एक निकी परमार आहे, जिने इंजिनिअरिंग केलं आपल्या पुण्यात, पीआयसीटीला. २०२४ साली हिंटनना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, जॉन हॉपफील्ड यांच्यासोबत.

आता तुमच्या फोनकडे या. मार्क वनमध्ये मधल्या थरात ५१२ घटक होते. २०२०च्या जीपीटी-३ मध्ये पॅरामीटर १७,५०० कोटी. मोटरी गेल्या, सगळं आकड्यांत आलं, पण काम ओळखीचंच आहे. वाक्याचा तुकडा द्यायचा, पुढचा शब्द ओळखायला लावायचा, चुकला की खटके फिरवायचे. हे अब्जावधी शब्दांवर करायचं.

म्हणून हे लक्षात घ्या, की ते खटके 'पुढे कोणता शब्द शोभेल' यासाठी जुळवलेले असतात. 'खरं काय' यासाठी नव्हे. पुष्कळदा दोन्ही एकच निघतं, म्हणून आपला विश्वास बसतो. पण महाडीबीटीच्या स्कॉलरशिप फॉर्मची शेवटची तारीख चॅटबॉटला विचारलीत आणि त्याने इंटरनेटवर न शोधता उत्तर दिलं, तर तुम्हाला तारखेसारखी दिसणारी एक तारीख मिळेल, तीही अगदी ठाम सुरात. ती पोर्टलवर जाऊनच बघा, वर्षाच्या फीचा प्रश्न आहे.

अजून एक. तुम्ही चॅटमध्ये लिहिता, "अरे, चुकलास तू." तो लगेच माफी मागतो, उत्तर बदलतो. आपल्याला वाटतं, चला, शिकला. तसं नसतं. तुमचं वाक्य त्या गप्पांपुरतं त्याच्यासमोर असतं, त्यामुळे उत्तर बदलतं. पण खटका त्या क्षणी एकही फिरत नाही. मॉडेलचं ट्रेनिंग आधीच उरकलेलं असतं. तुमच्या गप्पा कंपनीने पुढच्या ट्रेनिंगला वापरल्या तर वापरल्या, आणि ते नको असेल तर बऱ्याच ॲपच्या सेटिंगमध्ये बंद करायची सोय असते. हा एपिसोड संपला की ती शोधा. आमटीचा आचारी आणि बॅकप्रोपगेशन पुढच्या भागात नीट उलगडू.