सरकार, परगणा, मौजे: फोल्डरचा मागोवा

महाराष्ट्रात भूमी अभिलेखांच्या जुन्या कागदांचे स्कॅनिंग झाले आणि सुरुवातीला ज्या सात जिल्ह्यांचे कागद लोकांना ऑनलाइन खुले झाले, त्यांत अकोला आणि अमरावती हे दोन्ही जिल्हे होते. शेताचा जुना कागद शोधताना आपण आधी जिल्हा निवडतो, मग तालुका, मग गाव. हा क्रम संगणकाने शिकवलेला नाही. हे दोन्ही जिल्हे ज्या वऱ्हाडात येतात, ते १५९६ मध्ये मोगलांकडे गेले. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे सरकार आणि सरकारांचे परगणे मांडलेले दिसतात. गाविल हे एक सरकार, नरनाळा हे दुसरे. अकोला नरनाळ्याच्या पोटात. सुभ्यात सरकार, सरकारात परगणा, परगण्यात मौजे, म्हणजे गाव. कागद कुठे सापडेल हे त्याच्या ठिकाणावरूनच कळावे, ही रीत इतकी जुनी आहे.

त्या कागदांचे घर म्हणजे दप्तर. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, पण त्याचे मूळ ग्रीकमध्ये, कातड्याच्या अर्थाने, सापडते. कागदांचा गठ्ठा कापडात बांधला की तो रुमाल. पटवाऱ्याच्या घरी असायचा तो बस्ता. फर्द म्हणजे कागदाचा ताव. त्यावर लिहिणारा फर्दनवीस, म्हणजे आपला फडणीस. इंग्रजी ‘फाईल’चे मूळही लॅटिनमधल्या धाग्यात आहे, कारण कागद दोऱ्यात ओवून ठेवले जात. कापड असो वा दोरा, सैल कागदाला धरून ठेवणे हेच दोन्हींचे काम. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले आणि १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने येथे मोजणी व बंदोबस्त सुरू झाला. मला हे सर्वांत मोठे वळण वाटते, कारण आता मौज्याच्याही आत शेताला सर्व्हे नंबर मिळाला. माणसाच्या नावावर चालणारा शोध आकड्यावर चालू लागला.

यंत्राला ही उतरंड मिळायला आणखी शतक लागले. १९६५ मध्ये डेली आणि न्यूमन यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी फायलींची झाडासारखी रचना मांडली: डिरेक्टरीत डिरेक्टरी, तिच्यात फाईल. पुढे केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सने दोन पायऱ्यांमध्ये तिरकी रेघ घातली. १९८३ च्या एमएस-डॉस २.० मध्ये ती रेघ आधीच दुसऱ्या कामात गुंतलेली होती, म्हणून तिथे उलटी रेघ आली. त्या एका रेघेने पुढच्या प्रोग्रामरांना किती त्रास दिला!

१९९१ मध्ये गिडो व्हॅन रॉसम यांनी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा लोकांसमोर आणली. तिच्यात फायली हाताळायला ‘ओएस’ आणि ‘शटिल’ ही मॉड्यूले होती. पण फाईलचा पत्ता म्हणजे नुसती अक्षरांची माळ, तोडायची आणि जोडायची. पत्ता ही स्वतंत्र वस्तू मानावी, हा विचार जेसन ओरेन्डॉर्फ यांच्या ‘पाथ’ मॉड्यूलने आधीच मांडला होता, आणि त्याचा धागा धरून आलेला प्रस्ताव नाकारलाही गेला होता. आज त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, हे मला अन्यायाचे वाटते. शेवटी आंत्वान पित्रू यांचे ‘पाथलिब’ २०१४ मध्ये पायथन ३.४ सोबत आले. आता जिल्हा, भागाकाराचे चिन्ह, तालुका, पुन्हा तेच चिन्ह आणि गाव असे लिहिले की पत्ता तयार होतो. रेघ सुलटी की उलटी हे लायब्ररी पाहते.

बाळापूर किंवा दर्यापूर तालुक्यातल्या स्कॅन केलेल्या कागदांचे फोल्डर पायथनने लावायला बसलात, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नावे अक्षरांप्रमाणे लावली की सर्व्हे नंबर १० हा २ च्या आधी येतो. म्हणून ००२, ०१० असे लिहा. आणि लिनक्सवर ‘रिनेम’ करताना त्या नावाची फाईल आधीच असेल, तर ती काही न विचारता पुसली जाते. रुमालात एकाच नंबरचे दोन कागद शेजारी राहू शकत. फोल्डरमध्ये एका नावाचा एकच कागद राहतो. म्हणून नाव बदलण्याआधी ‘एक्झिस्ट्स’ने तपासा, आणि त्याही आधी सगळ्या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.