नाकारलेले युद्ध आणि त्याची माघार

१९७५ साली लिस्बन शहराच्या बेलें भागात, तेजो नदीच्या काठी, लाकडी खोक्यांच्या राशी रचल्या गेल्या होत्या. अंगोला आणि मोझांबिक सोडून आलेल्या पोर्तुगीज कुटुंबांचे सामान त्या खोक्यांत होते. ज्या जागी ती रचली गेली, तेथेच दर्यावर्दी संशोधकांचे ते विख्यात स्मारक उभे आहे. सालाझार राजवटीने ते १९६० साली पाषाणात उभारले. त्यावर राजपुत्र हेन्रीमागे वास्को द गामा आहे, कवी कामोइंशही आहे. नव्या भूमीकडे निघालेल्या या पाषाणमूर्तींच्या पायाशी, पाच शतकांनी परत आलेल्यांची खोकी पडून होती. त्या दृश्याची छायाचित्रे पाहिली म्हणजे एका साम्राज्याचा शेवट किती घाईने झाला, हे ध्यानात येते. परंतु ही घाई ज्या दीर्घ टाळाटाळीतून निर्माण झाली, तिचा विचार केल्याशिवाय त्या दृश्याचा अर्थ लागत नाही.

पोर्तुगालने १९६१ ते १९७४ अशी तेरा वर्षे आफ्रिकेत युद्ध केले. मात्र आपण परक्या भूमीवर लढत आहोत, हे त्याच्या राज्यकर्त्यांनी कधीही मान्य केले नाही. १९५१ साली राज्यघटनेत दुरुस्ती करून ‘वसाहत’ हा शब्द काढून टाकण्यात आला आणि त्याच्या जागी ‘सागरपार प्रांत’ हा शब्द आला. गोवा, अंगोला, मोझांबिक, तिमोर हे सारे एकाच अखंड राष्ट्राचे भाग ठरले. हा बदल वरकरणी शब्दांचा होता. त्याचे परिणाम मात्र राजकीय होते. वसाहत सोडून देता येते, प्रांत सोडता येत नाही. प्रांतातल्या लोकांशी वाटाघाटी करायच्या तर ते दुसरे राष्ट्र आहे हे आधी कबूल करावे लागते. राजवटीने एका शब्दाच्या आधारे परतीची वाट स्वतःच बुजवून टाकली होती.

या शब्दाची पहिली कसोटी लागली ती गोव्यात. १९५५ साली निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडूनही गोव्याचा प्रश्न मिटला नव्हता. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य सीमेवर आले, तेव्हा सालाझार यांनी गव्हर्नर-जनरल वासालो ई सिल्वा यांना संदेश पाठविला : तह नको, कैदी नकोत, पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी व्हावेत किंवा मृत. हाती विमाने नाहीत, दारूगोळा अपुरा, अशा स्थितीत त्या सेनानीने १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक कैद झाले आणि पुढे मायदेशी परतले. दोन्ही बाजूंची मिळून जीवितहानी शंभराच्या आत राहिली. गोव्याची शहरे उद्ध्वस्त झाली नाहीत, याचे काही श्रेय त्या आज्ञाभंगाला द्यावे लागेल. पोर्तुगीज राज्याने मात्र १९६३ साली वासालो ई सिल्वा यांना सैन्यातून काढून टाकले.

ही घटना आपल्याकडे गोवामुक्तीच्या इतिहासातील एक तपशील म्हणून वाचली जाते. पोर्तुगीज सैन्याने तिचा वेगळा धडा घेतला. उद्या पराभव झालाच, तर दोष राज्यकर्त्यांच्या धोरणावर न येता मैदानावरच्या अधिकाऱ्यावर येईल, हे त्या दिवसापासून प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक झाले.

तोपर्यंत अंगोलात ठिणगी पडली होती. फेब्रुवारी १९६१ मध्ये लुआंडात आणि मार्चमध्ये उत्तर अंगोलात उठाव झाले. त्यांत गोऱ्या मळेवाल्यांची आणि त्यांच्या आफ्रिकन मजुरांची कत्तल झाली आणि प्रत्युत्तरात त्याहून कितीतरी अधिक आफ्रिकन मारले गेले. जानेवारी १९६३ मध्ये गिनीत, सप्टेंबर १९६४ मध्ये मोझांबिकमध्ये युद्ध पेटले. एप्रिल १९६१ मध्ये पोर्तुगीज वसाहतींतील चळवळींनी कासाब्लांका येथे एक संयुक्त परिषद स्थापन केली होती. तीत गोव्याचे प्रतिनिधीही होते. बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा हे या परिषदेच्या कार्यात होते. पुढे ते मोझांबिकच्या लढ्याचे आणि नंतर त्या राष्ट्राचे अंगभूत झाले आणि १९८६ साली राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्यासमवेत विमान अपघातात निवर्तले. गोवा आणि आफ्रिका यांना जोडणारा हा धागा आपल्या इतिहासलेखनात फारसा दिसत नाही.

सुमारे नव्वद लाख लोकसंख्येच्या या देशाने तेरा वर्षांत, स्थानिक भरती धरून, आठ लाखांच्या आसपास माणसे सैन्यात उभी केली. आठ हजारांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. मृत आफ्रिकनांची संख्या याच्या अनेक पट होती, पण तिची नोंद तितक्या काळजीने ठेवली गेली नाही. युद्ध अप्रिय होते, परंतु सेन्सॉर आणि राजकीय पोलीस यांच्यामुळे ती अप्रीती रस्त्यावर फारशी आली नाही. ती पायांनी व्यक्त झाली. सक्तीची लष्करी सेवा टाळण्यासाठी असंख्य तरुण सीमा ओलांडून, बहुधा फ्रान्सकडे, निघून गेले. १९६८ साली सालाझार आजारपणामुळे सत्तेबाहेर गेले. त्यांच्या जागी आलेल्या मार्सेलो कायतानो यांनी राजवटीच्या शब्दकळेत थोडा बदल केला, धोरण तेच ठेवले.

गिनीत युद्ध हाताबाहेर गेले होते. जानेवारी १९७३ मध्ये अमिल्कार काब्राल यांची हत्या होऊनही त्यांचा पक्ष मोडला नाही. त्याच वर्षी त्याच्या हाती सोव्हिएत बनावटीची क्षेपणास्त्रे आली आणि पोर्तुगीज विमानांचे आकाशावरील प्रभुत्व संपले. २४ सप्टेंबर १९७३ रोजी त्या पक्षाने स्वातंत्र्य घोषित केले. वाटाघाटींपेक्षा सन्मानपूर्वक लष्करी पराभव बरा, अशा आशयाची भूमिका कायतानो यांनी गिनीतील सेनापती स्पिनोला यांच्यापुढे मांडली होती. गोव्याचा अनुभव ज्यांच्या स्मरणात होता, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. फेब्रुवारी १९७४ मध्ये स्पिनोला यांनी एका ग्रंथात या युद्धाला लष्करी उत्तर नाही असे प्रतिपादन केले. त्यापूर्वीच, प्रथम बढतीच्या नियमांवरून आणि मग युद्धाच्याच प्रश्नावरून, कॅप्टन दर्जाचे तरुण अधिकारी संघटित होऊ लागले होते. २५ एप्रिल १९७४ च्या पहाटे त्यांनी जवळजवळ रक्तपाताशिवाय राजवट उलथून टाकली. लोकांनी त्यांच्या बंदुकांत कार्नेशनची फुले खोवली. युद्ध थांबविण्यासाठी सैन्याला आपले सरकार पाडावे लागले, हे या माघारीचे वैशिष्ट्य होय.

परंतु एवढ्यावर कथा संपवणे हा त्या फुलांचा मोह ठरेल. जुलै १९७४ च्या कायद्याने वसाहतींचा स्वातंत्र्याचा हक्क मान्य झाला, सप्टेंबरमध्ये गिनीला मान्यता मिळाली, जून १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाले. अंगोलात तीन परस्परविरोधी चळवळींनी जानेवारी १९७५ मध्ये केलेला करार काही महिन्यांत कोलमडला. नोव्हेंबरमध्ये अखेरचा पोर्तुगीज उच्चायुक्त सत्ता कोणत्याही पक्षाच्या हाती न देता, ती ‘अंगोलाच्या जनतेकडे’ सुपूर्द केल्याचे जाहीर करून, ध्वज घेऊन जहाजाने निघून गेला. तेथील यादवी युद्ध २००२ पर्यंत चालले. मोझांबिकमध्येही १९७७ ते १९९२ अशी यादवी झाली. डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने पूर्व तिमोर व्यापले. या साऱ्याचे खापर केवळ माघारीच्या घाईवर फोडता येणार नाही. शीतयुद्धातील सत्तांचे आणि शेजारी राष्ट्रांचे हात त्यांत होते. तरीही तेरा वर्षे ज्यांनी वाटाघाटी नाकारल्या, त्यांनीच वाटाघाटींसाठी लागणारा अवधी संपवला होता, हे नमूद केले पाहिजे.

सर्वांत जड हिशेब गिनीत चुकता झाला. पोर्तुगीज सैन्यात लढलेल्या आफ्रिकन कमांडोंना मागे सोडण्यात आले. त्यांतील अनेकांना नव्या सत्तेने चौकशीविना गोळ्या घातल्या. १९८० च्या सत्तांतरानंतर त्यांच्या सामूहिक दफनभूमी उघड झाल्या. ‘तुम्ही पोर्तुगीजच आहात’ असे ज्यांना वर्षानुवर्षे सांगितले गेले, त्यांच्यासाठी जहाजात जागा नव्हती. ‘सागरपार प्रांत’ या शब्दाची किंमत अखेर त्यांनी मोजली.

पाच लाखांच्या आसपास माणसे पोर्तुगालला आली. त्यांना ‘परतलेले’ म्हणत, जरी त्यांतील कित्येकांचा जन्म आफ्रिकेतच झाला होता. काहींना हॉटेलांतून ठेवावे लागले. क्रांतीच्या उत्साहात असलेल्या देशाला त्यांच्याकडे पाहणे अवघड वाटे, आणि सैनिकांकडे पाहणे त्याहून अवघड. ज्या युद्धाला युद्ध म्हटले गेले नव्हते, त्यातून आलेल्यांनी काय सांगावे?

ते सांगण्याचे काम कादंबरीने स्वीकारले. अंगोलात लष्करी डॉक्टर म्हणून काम केलेले आंतोनियो लोबो आंतुनेश यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत एका परतलेल्या डॉक्टरला रात्रभर बोलत ठेवले. मद्यालयात भेटलेली स्त्री फक्त ऐकते, आणि त्या एकतर्फी संभाषणातून युद्ध उलगडत जाते. १९८८ च्या ‘आश नाऊश’मध्ये त्यांनी त्या दर्यावर्द्यांनाच ‘परतलेले’ म्हणून लिस्बनमध्ये आणले. त्याच वर्षी लीडिया जॉर्ज यांनी ‘कुजबुजींचा किनारा’ या अर्थाच्या नावाच्या कादंबरीत मोझांबिकमधील युद्ध एका अधिकाऱ्याच्या पत्नीच्या नजरेतून मांडले. प्रारंभी एक नीटस कथा येते आणि नंतर ती स्त्री त्या कथेतील प्रत्येक सोयीस्कर गोष्ट खोडून काढते. २०११ साली दुल्से मारिया कार्दोसो यांनी हॉटेलात ठेवलेल्या एका मुलाच्या तोंडून परतण्याची हकीकत सांगितली. या लेखकांनी राजवटीच्या शब्दांची उलटतपासणी केली, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य मला मोलाचे वाटते. तथापि त्यांच्या केंद्रस्थानी परतलेला पोर्तुगीजच आहे; गिनीतल्या त्या मागे राहिलेल्या सैनिकाची बाजू या पानांत अल्पच येते, ही मर्यादाही सांगितली पाहिजे.

राज्याने आपले शब्द सावकाश बदलले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी झालेल्या करारान्वये पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, आणि वासालो ई सिल्वा यांनाही त्यांचा सन्मान परत मिळाला. डिसेंबर १९७२ मध्ये मोझांबिकमधील विरियामू येथे पोर्तुगीज सैन्याने केलेल्या हत्याकांडाबद्दल त्या देशाच्या पंतप्रधानांनी क्षमा मागितली ती सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी. मध्यंतरी, १९९४ साली, बेलें येथेच, दर्यावर्द्यांच्या स्मारकापासून थोड्या अंतरावर, मृत सैनिकांचे स्मारक उभे राहिले. त्याच्या अधिकृत नावात आजही ‘सागरपार’ हाच शब्द आहे. सैन्याची माघार दीड वर्षात पूर्ण झाली. त्या शब्दातून माघार घेणे अद्याप पुरते झालेले नाही.