माथेरानच्या गाडीचे पहिले दिवस

अलिबागला आजही प्रवासी रेल्वे येत नाही. आपण एस.टी. आणि लाँचवर वाढलेली मुले. त्यामुळे आपल्यापैकी कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसले ते शाळेच्या सहलीत, आणि तेही दोन फूट रुंदीच्या रुळांवरच्या नेरळ–माथेरान गाडीत. आपल्याच रायगड जिल्ह्यातली ही गाडी. तिला आपण 'मिनी ट्रेन' म्हणतो, वर्तमानपत्रे 'माथेरानची राणी' म्हणतात, पण तिचा इतिहास सहसा एका श्रीमंत माणसाच्या हौसेची गोष्ट म्हणून दोन ओळींत संपवला जातो. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो जरा सविस्तर सांगावासा वाटला. माझ्या मते ही गोष्ट हौसेपेक्षा ओझ्याची आहे. डोंगरावर ओझे कोणी वाहायचे, हा तिच्यातला खरा प्रश्न आहे.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने माथेरान चढले आणि मुंबईच्या गोऱ्या साहेबांना उन्हाळ्यासाठी नवी जागा सापडली. 'शोध लावला' असे पुस्तकांत लिहिलेले असते. डोंगराच्या कुशीत आधीपासून राहणाऱ्या ठाकूर, कातकरी आणि धनगर कुटुंबांना हा शोध ऐकून गंमतच वाटली असेल! पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लक्ष घातले आणि माथ्यावर बंगले उभे राहू लागले.

त्याच सुमारास खाली रेल्वे आली. १८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे, पुढच्या वर्षी कल्याण आणि १८५६ मध्ये नेरळवरून थेट खोपोलीपर्यंत रूळ पोहोचले. म्हणजे मुंबईकर नेरळपर्यंत आगगाडीने आरामात येई, पण पुढचा डोंगर घोड्यावर, पालखीत किंवा पायी चढावा लागे. पेट्या, वळकट्या, म्हातारी माणसे, आजारी माणसे हे सगळे माणसांच्या खांद्यांवरून आणि जनावरांच्या पाठीवरून वर जाई. पहिला टप्पा वाफेचा आणि दुसरा घामाचा अशी ही व्यवस्था पन्नास वर्षे चालली.

ती बदलली पीरभॉय पितापुत्रांनी. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले दाऊदी बोहरा उद्योगपती. लष्कराला तंबू पुरवून त्यांनी मोठी संपत्ती मिळवली होती आणि १८९७ मध्ये ते मुंबईचे शेरीफही होते. नेरळला उतरल्यावर एकदा त्यांना वर जायला वाहनच मिळाले नाही, म्हणून त्यांनी गाडी बांधायचे ठरवले, असे सांगितले जाते. आख्यायिका खरी असो वा नसो, अडचण खरी होती. पैसा वडिलांनी उभा केला आणि काम पुढे नेले ते मुलगा अब्दुल हुसेन यांनी. सरकारी तिजोरीतून नव्हे, तर एका कुटुंबाच्या पुढाकाराने सुमारे सोळा लाख रुपये खर्चून ही रेल्वे झाली. १९०० च्या सुमारास आराखडे तयार झाले, १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावू लागली.

सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी लाइट रेल्वे ज्यांनी उभी केली तेच हे. अरुंद रुळांवर कमी खर्चात मोठे काम कसे काढता येते, हे त्यांनी बार्शीला दाखवून दिले होते. पण बार्शी सपाटीवर आणि हा तर उभा डोंगर. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर, तर माथेरान सुमारे आठशे मीटरवर. वीस-एकवीस किलोमीटरच्या मार्गात साडेसातशे मीटरहून जास्त चढायचे. सर्वांत तीव्र चढ १:२० चा, म्हणजे वीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. आपण कर्जतहून खंडाळ्याला जातो त्या बोरघाटात चढ १:३७ चा आहे आणि तिथे गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने जोडावी लागतात, हे लक्षात घेतले की १:२० म्हणजे काय ते कळते.

मोठमोठे बोगदे खणण्याइतका पैसा इथे नव्हता. म्हणून मार्ग डोंगराच्या कडेकडेने, उतार सांभाळत, वळसे घेत नेला. वाटेत एकच छोटा बोगदा लागतो. तो इतका आखूड आहे की सहप्रवाशाचे एक चुंबन घेण्यापुरताच अंधार मिळतो, म्हणून त्याचे नाव 'वन किस टनेल'. (सहलीत हे नाव उच्चारताच बाईंनी आपल्याकडे कसे पाहिले होते, ते आठवत असेलच.) बोगदे वाचले, पण वळणे फार तीव्र झाली. काहींची त्रिज्या साठ फुटांच्या आसपास. लांबलचक इंजिन अशा वळणावर रुळावरून उतरणार आणि आखूड इंजिनात डोंगर चढण्याची ताकद नसणार.

हा पेच जर्मनीच्या ओरेनश्टाइन अँड कॉपेल कंपनीच्या चार वाफेच्या इंजिनांनी सोडवला. त्यांत क्लिन–लिंडनर पद्धतीचे ॲक्सल होते. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलभोवती पोकळ नळीसारखा दुसरा ॲक्सल आणि चाके या बाहेरच्या नळीला जोडलेली. आतला ॲक्सल इंजिनाच्या सांगाड्यात सरळ राहून ताकद घेतो आणि मधल्या सांध्यामुळे बाहेरची नळी चाकांसह वळणाबरोबर थोडी वळते. ताकद ताठ राहते आणि चाक वाकते. एकशे वीस वर्षांपूर्वीची ही युक्ती इंजिनिअर म्हणून मला आजही सुरेख वाटते.

चढाचा प्रश्न सुटला, तरी उताराचा होताच. येताना गाडी आवरायची कशी? त्यासाठी दर डब्यावर ब्रेकवाला असे. ड्रायव्हरच्या शिटीची खूण ओळखून तो हाताने चाक फिरवून ब्रेक आवळी वा सैल करी. वर नेणारी वाफ होती, पण सुखरूप खाली आणणारे हात माणसांचेच होते. मधल्या 'वॉटर पाइप' स्टेशनाचे नावही त्या काळाची खूण आहे. इंजिनाला तहान लागे, ती तिथे भागवली जाई. पावसाळ्यात मार्ग बंद ठेवला जाई. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत. डोंगराशी हट्ट न करण्याचे हे शहाणपण पहिल्या दिवसापासून होते.

पुढे १९५० च्या दशकात डिझेल इंजिने आली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाफेची इंजिने निवृत्त झाली. चारांपैकी एक नेरळला, एक माथेरानला, एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आणि एक थेट इंग्लंडात आहे.

आता ओझ्याकडे परत येते. आमच्या कामात एक साधा नियम आहे : कोणत्याही व्यवस्थेची खरी क्षमता तिच्या सर्वांत कमकुवत टप्प्यावर ठरते. पीरभॉयांनी नेरळपासून माथेरान बाजारापर्यंतचे ओझे माणसाच्या खांद्यावरून उतरवले. पण स्टेशनापासून बंगल्यापर्यंतचा टप्पा तसाच राहिला. माथेरानात मोटारींना बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तिच्यामुळेच ते जंगल उरले आहे. पण त्या स्वच्छ हवेची किंमत हातरिक्षा ओढणाऱ्यांनी, हमालांनी आणि घोडेवाल्यांनी मोजली. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत मोटाररस्ता झाला, तेव्हा तिथून वरच्या वाटेवरही तेच चित्र दिसू लागले. लाल मातीचा रस्ता, पर्यटक रिक्षात आणि तिघेचौघे जण ती ओढताहेत, ढकलताहेत. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष आहे, सहा महिन्यांत ती बंद करा आणि या लोकांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करा. गाडी सुरू झाल्यानंतर ११८ वर्षांनी!

म्हणूनच ही गाडी म्हणजे नुसते खेळणे, असे कुणी म्हटले की मला राहवत नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला, तो शताब्दीच्या वर्षी, मार्च २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. मे २०१६ मध्ये डबे घसरल्यावर गाडी थांबली. २०१९ च्या पावसाने पुन्हा घात केला आणि नेरळपासूनची गाडी थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये धावली. दर वेळी 'एवढा खर्च कशाला?' हा प्रश्न विचारला गेला. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला या गाड्या जागतिक वारसा यादीत पोहोचल्या, आपली अजून संभाव्य यादीतच आहे.

वारशाचा मान मिळेल तेव्हा मिळो. या खर्चाचा हिशेब मात्र फक्त तिकिटाच्या गल्ल्यावर मांडू नये, एवढेच मला म्हणायचे आहे. गाडीतून जाणारी प्रत्येक पेटी, प्रत्येक पार्सल, गुडघे दुखणारे प्रत्येक आजी-आजोबा हे कुणाच्या तरी पाठीवरून उतरलेले ओझे आहे. पीरभॉयांचे नाव आपल्याला माहीत आहे. त्या कड्यावर रूळ वाहून नेणारे मजूर आणि शिटी ऐकून ब्रेक आवळणारे हात यांची नावे मात्र कुणाला ठाऊक नाहीत. गाडी चालू राहिली, तर निदान त्यांचे काम चालू राहील.