साहेबमामांची मायानगरी

भयपट म्हटला की आमच्या उर्दू शाळेतली मुले इंग्रजी नावे सांगतात. १९३२ साली कोल्हापुरातच प्रभातने 'माया मच्छिंद्र' काढला, हे त्यांच्या गावीही नसते. तो निव्वळ भयपट नव्हे. पण जादूटोण्याचे स्त्रीराज्य, मायेत गुंतलेला गुरू आणि त्याला सोडवायला निघालेला गोरख, ही कथा गूढच. राणी दुर्गा खोटे, मच्छिंद्र गोविंदराव टेंबे, दिग्दर्शन शांतारामबापूंचे. मात्र कृष्णधवल पडद्यावर ती मायानगरी उभारली कलादिग्दर्शक शेख फत्तेलाल, म्हणजे साहेबमामा यांनी. नाथांच्या कथेला मुसलमान चित्रकाराचा हात! पुढे १९३६ साली दामल्यांसोबत 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला, तोही यांनीच. हे नाव आम्ही मुलांना फळ्यावर उर्दूत लिहून दाखवतो.