वाय-फाय कूटबद्धीकरण, घरगुती

घरातला राउटर आणि त्याला बिनतारी जोडलेले फोन, संगणक, टीव्ही यांच्यात जाणारा मजकूर तिऱ्हाइताला वाचता येऊ नये व परवानगीवाचून कोणाला त्या जाळ्यात शिरता येऊ नये, यासाठी राउटरवर करावयाची व्यवस्था. राउटरच्या लहरी भिंतीशी थांबत नाहीत. शेजारच्या फ्लॅटमध्ये, जिन्यात, खाली उभ्या केलेल्या गाडीतही त्या पकडता येतात. हे संरक्षण मात्र उपकरणापासून राउटरपर्यंतच्या टप्प्यापुरतेच असते. त्यापुढे बँकेचे किंवा ईमेलचे व्यवहार सुरक्षित राहतात ते एचटीटीपीएससारख्या वेगळ्या व्यवस्थेमुळे.

उघड्या जोडणीचा धोका भारतात सर्वांच्या लक्षात आला तो २००८ साली. २६ जुलै रोजी अहमदाबादेत झालेल्या साखळी स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. त्याचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोहोचला. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाच्या वाय-फायचा इतरांनी परस्पर वापर केल्याचे तपासात पुढे आले. त्याच वर्षी माटुंगा व चेंबूर येथील जोडण्यांवरूनही असे ईमेल गेले. २००९ च्या आरंभी दूरसंचार विभागाने वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत सूचना काढल्या. पोलिसांच्या नोंदीत जोडणी ज्याच्या नावावर तोच प्रथम सापडतो, त्यामुळे चोरट्या वापराचे खरे नुकसान डेटा संपण्यापुरते नसते.

तंत्राचा इतिहास एकामागून एक मोडलेल्या कुलपांचा आहे. १९९७ च्या ८०२.११ या मानकाबरोबर ‘वेप’ ही पहिली पद्धत आली. तिच्यात आरसी४ हे कूटतंत्र होते आणि प्रत्येक पाकिटासाठी बदलणारा अंक अवघा २४ बिटांचा. म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख शक्यता. वर्दळीच्या जाळ्यात त्या काही तासांत संपून पुन्हा तेच अंक येऊ लागत. २००१ मध्ये फ्लूरर, मांतिन व शमीर यांनी या रचनेतून किल्ली कशी काढता येते ते दाखवले. २००७ पर्यंत हे काम मिनिटाभरावर आले. मधल्या काळात, जुनी यंत्रे फेकावी लागू नयेत म्हणून, २००३ साली ‘डब्ल्यूपीए’ ही तात्पुरती डागडुजी झाली. तिच्यातील टीकेआयपी पद्धत आता कालबाह्य आहे. २००४ च्या ८०२.११आय मानकावर आधारलेले ‘डब्ल्यूपीए२’ एईएस हे मजबूत कूटतंत्र वापरते. वाय-फाय अलायन्सच्या प्रमाणपत्रासाठी ते २००६ पासून सक्तीचे झाले. २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए३’ आले.

एईएस आजवर कोणी व्यवहारात फोडलेले नाही. फुटतो तो पासवर्ड. डब्ल्यूपीए२ मध्ये ८ ते ६३ अक्षरांचा पासवर्ड आणि जाळ्याचे नाव एकत्र करून त्यांच्यावर ४,०९६ वेळा गणिती प्रक्रिया होते आणि २५६ बिटांची किल्ली तयार होते. उपकरण जोडले जातानाची देवाणघेवाण कोणी हवेतून टिपली, तर तो घरी बसून, राउटरला पत्ताही न लागू देता, हवे तितके पासवर्ड ताडून पाहू शकतो. गेम खेळण्यासाठी घेतलेले चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो पासवर्ड तपासते. आपल्याकडे मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवण्याची फार सवय. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडे म्हणजे ४०० कोटी शक्यता, आणि त्या काही तासांत संपतात. मुलाचे नाव व जन्मवर्ष तर त्याआधीच सापडते. उलट, परस्परांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले तर ते घरच्यांना सहज आठवतात आणि ताडणाऱ्याला जड जातात. किल्लीत नावही मिसळलेले असल्याने जाळ्याचे कारखान्यातून आलेले नाव बदलणे उपयोगी पडते. सर्रास आढळणाऱ्या नावांसाठी किल्ल्यांचे आयते तक्ते पूर्वीच तयार झालेले आहेत.

डब्ल्यूपीए३ मध्ये हे घरबसल्या ताडणे बंद होते. प्रत्येक प्रयत्नासाठी राउटरशी नव्याने बोलावे लागते. शिवाय आज टिपलेला मजकूर पुढे पासवर्ड कळला तरी उलगडत नाही.

मांडणी सोपी आहे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा पत्ता टाकून नियंत्रण-पानावर जावे. तेथे शिरण्याचा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डाहून वेगळा असतो. इंटरनेट बसवून देणारा माणूस बहुधा तो ‘ॲडमिन’ असाच ठेवून जातो. तो आधी बदलावा. वायरलेस सुरक्षेत डब्ल्यूपीए३ निवडावे. जुनी उपकरणे जोडली जात नसतील तर डब्ल्यूपीए२ व ३ यांचा मिश्र पर्याय, आणि तोही नसेल तर एईएससह डब्ल्यूपीए२ ठेवावे. टीकेआयपी ठेवल्यास सुरक्षा घटतेच, शिवाय वेग ५४ मेगाबिटांवर अडकतो. बदल साठवल्यावर सर्व उपकरणे नव्याने जोडावी लागतात, म्हणून हे काम शक्यतो केबलने जोडलेल्या संगणकावरून करावे.

बटण दाबून किंवा आठ आकडी पिन देऊन जोडण्याची ‘डब्ल्यूपीएस’ सोय दिसते तितकी निरुपद्रवी नाही. पिनचा शेवटचा आकडा पडताळणीचा असतो आणि उरलेले आकडे राउटर दोन तुकड्यांत तपासतो. त्यामुळे एक कोटीऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. हा दोष २०११ मध्ये उघड झाला. पिन बंदच ठेवावी. जाळ्याचे नाव लपवणे आणि ठरावीक उपकरणांचेच मॅक पत्ते चालू ठेवणे हे उपाय लोकप्रिय असले तरी नुसती मनाची समजूत आहेत. नाव आणि पत्ते दोन्ही हवेतून उघडेच जातात. पाहुण्यांसाठी वेगळे ‘गेस्ट’ जाळे मात्र खरोखर कामाचे, कारण डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड ठाऊक असलेल्याला जोडणीची देवाणघेवाण टिपून त्याच जाळ्यावरील इतरांचा मजकूर उलगडता येतो. स्वस्त कॅमेरे आणि स्मार्ट दिवेही तिथेच जोडावेत.

२०१७ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातील माथी वानहूफ व फ्रँक पीसेन्स यांनी डब्ल्यूपीए२ च्या जोडणी-प्रक्रियेतील ‘क्रॅक’ हा दोष प्रसिद्ध केला. त्यावर पासवर्ड बदलून उपयोग नव्हता. फोन, संगणक व राउटर यांची सॉफ्टवेअर अद्यतने हाच इलाज होता. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरचे अद्यतन पुष्कळदा कंपनीच दुरून करते. स्वतः विकत घेतलेल्याचे मालकाला पाहावे लागते. निर्मात्याने अद्यतने देणे थांबवलेला राउटर चालू स्थितीत असला तरी बदलावा.