गोरेवाड्याचं रान

नागपूरहून काटोल रस्त्याने कळमेश्वरकडे निघालं, की शहर संपता संपता गोरेवाड्याचं रान लागतं. १९१२ साली नागपूरकरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी इथे तलाव बांधला गेला. तलाव टिकवायचा, तर भोवतालचं रानही राखावं लागतं.

प्राणी पाहायचे तर नागपूरकर महाराजबागेत जात. भोसल्यांच्या या बागेत १८९४ साली प्राणिसंग्रहालय सुरू झालं. प्राणी पिंजऱ्यात, माणसं बाहेर. जगभर तीच रीत होती. १९०७ साली जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनी गजांऐवजी खंदक खोदून प्राणी मोकळ्यावर ठेवले आणि ही रीत बदलू लागली.

गोरेवाड्याचं सुमारे १९१४ हेक्टर रान आज वन विकास महामंडळाकडे आहे. इथे आधी उभं राहिलं ते बचाव केंद्र: जखमी, पोरक्या, माणसांशी संघर्षात पकडलेल्या प्राण्यांसाठी. पर्यटकांसाठी सफारी नंतर, २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. आधी आसरा, मग प्रेक्षक. हा क्रम महत्त्वाचा आहे.

पण आसरा देणं म्हणजे जबाबदारी घेणं. डिसेंबर २०२४ मध्ये याच केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. रानातला वाघ आपली शिकार स्वतः शोधतो. इथल्या वाघाचं अन्न, पाणी, औषध सारं माणसाच्या हाती. म्हणून अशा उद्यानाचं यश तिकीट खिडकीवरच्या रांगेवरून मोजू नये. आत आलेला प्राणी कसा जगतो आणि भोवतालचं रान किती शाबूत राहतं, हेच त्याचं खरं माप.